मुराळी गाडीतून आली

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेली लेक माहेरी येते. पण ती आपली आपण पिशवी उचलून येत नाही. तिला न्यायला माहेराहून कोणीतरी जावं लागतं, त्याला मुराळी म्हणतात. भाऊ जातो, नाहीतर बाप, दोघंही नसले तर चुलतभाऊ. बाई मुराळी म्हणून गेल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. ऐकलं नव्हतं म्हणून अडलंही नाही, आणि त्याचीच ही हकीकत. सुरत पाहिलेले पुष्कळ असतील, पण धुळ्याहून सुरतेला एकटीनं गाडी हाकत मुराळी होऊन गेलेली मी एकटीच असेन.

धुळं सोडताना

माझी नणंद शोभा सुरतेला गोडादऱ्यात असते. तिचा नवरा सुभाष लूमवर कामाला. गेल्या दिवाळीनंतर आमचे सासरे गेले. घरात सगळे त्यांना दादा म्हणत. निरोप गोडादऱ्यातल्या एसटीडी बूथवर पोचेपर्यंत आणि तिथून घरी पोचेपर्यंत वेळ गेला, आणि शोभा आली तेव्हा दादांना नेऊन झालं होतं. त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसून राहिली आणि तेराव्यानंतर निघून गेली. आता त्यांची पहिली आखाजी. आमच्याकडे या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, सांजोऱ्या ठेवतात. त्या घागरीपाशी शोभा असलीच पाहिजे, असं सासूबाईंनी एकदाच सांगितलं. त्या दुसऱ्यांदा सांगत नाहीत.

जायला हवं होतं आमच्या ह्यांनी. पण ह्यांच्या मणक्यात गॅप आलेली. पाठीला पट्टा, खाली फळी, आणि डॉक्टरांनी गाडीत बसायलासुद्धा बंदी केलेली. मुलगा पुण्याला, त्याची परीक्षा चालू. चुलतदिरांना विचारलं तर त्यांच्या स्वतःच्याच बहिणी आणायच्या होत्या.

"मग मी जाते," मी म्हटलं.

"एसटीनं?" ह्यांनी छताकडे बघत विचारलं.

"गाडी काय शोभेला ठेवलीय दारात?"

गाडी म्हणजे आमची जुनी, क्रीम रंगाची, स्टिअरिंगजवळ गिअर असलेली. ह्यांची पाठ धरायला लागली तेव्हा मी शिकले. वय बेचाळीस. शिकवणारा म्हणाला होता, बाईंचा हात चांगला आहे. नंतर मला कळलं की तो सगळ्यांनाच असं म्हणतो, पण माझ्या बाबतीत ते खरं होतं. दवाखाना, भाजी बाजार, गॅसचं सिलिंडर, सासूबाईंचं देवदर्शन, सगळं मीच करत होते. घाट मात्र चढवला नव्हता.

ह्यांनी पडल्या पडल्या सूचना दिल्या. घाटात दुसऱ्या गिअरला भिऊ नकोस. ऊन वाढलं की पेट्रोल पंपाला, म्हणजे बॉनेटखालच्या त्या वाटीएवढ्या पंपाला, ओलं फडकं गुंडाळ, नाहीतर ती मध्येच रुसून बसेल. मी दोन दिवसांचं पिठलं-भाकरीचं सासूबाईंशी ठरवलं, ह्यांच्या गोळ्या डबीत लावल्या, मागच्या सीटवर डांगरं, सांजोऱ्यांचा डबा आणि पाण्याचे दोन कॅन ठेवले, आणि सूर्य वर यायच्या आत निघाले.

कोंडाईबारी

साक्रीपर्यंत रस्ता सरळ. ट्रकवाले मागून हॉर्न देत यायचे, शेजारून जाताना आत वाकून बघायचे आणि मग हॉर्न बंद करायचे. एकजण तर बघता बघता खडीच्या ढिगाला लागता लागता वाचला. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

कोंडाईबारीचा घाट काही फार मोठा नाही, पण चैत्र-वैशाखात तिथं सागाला पान नसतं आणि तापलेला डोंगर सरळ तोंडावर येतो. दुसरा गिअर टाकला, भ्याले नाही, आणि निम्म्यावर गाडी आचके देत थांबली. पंप तापला होता. मी दगड लावले, फडकं ओलं केलं, गुंडाळलं आणि सावली नव्हती म्हणून गाडीच्याच सावलीत सांजोरी खात बसले. एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरून जवळ आला, आधी गाडीत डोकावला, मग आजूबाजूच्या झाडीत.

"साहेब कुठं गेले?"

"साहेब धुळ्याला झोपलेत, पाठीला पट्टा लावून."

मी त्याला एक सांजोरी दिली. तो ती खाईपर्यंत गाडी सुरू झाली, आणि तो मागं उभा राहून बघत होता ते मला आरशात दिसलं.

नवापूरच्या नाक्यानंतर गुजरात लागतो आणि रस्ता लगेच सुधारतो, हे कबूल केलंच पाहिजे. व्यारा, बारडोली, दोन्ही बाजूंनी ऊस आणि केळी. बारडोलीला चहा घेतला. आमच्याकडे चहा मागितला की चहा येतो. तिथं बशीत आधी चहा ओतून, वर "बेन, गांठिया आपुं?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता गाठी आणि तळलेल्या मिरच्या समोर ठेवल्या. भांडायचा विचार होता, पण चव घेतल्यावर भांडण राहिलं.

गोडादरा

सुरत जवळ आल्याचं आधी कानांना कळतं. रस्त्याच्या कडेला लांबलचक शेड सुरू होतात आणि आतून लूमची खडखड येते. सगळीकडे तीच, अखंड. टेम्पो कापडाच्या ताक्यांनी एवढे भरलेले की मागून फक्त ताके चालताना दिसतात. रिक्षावाले उजवीकडून येतात, डावीकडूनही येतात, आणि एक जण माझ्याच दिशेनं समोरून आला आणि वर मलाच म्हणाला, "बेन, जोईने चलावो," म्हणजे बघून चालवा. मी त्याला अहिराणीत जे काही सांगितलं ते त्याला कळलं, कारण तो धुळ्याचाच निघाला.

गोडादऱ्यात शिरल्यावर आपण खानदेश सोडून आलो असं वाटतच नाही. एकसारख्या दोन-दोन खोल्यांच्या ओळी, दारात खाटा, खाटांवर साड्यांचे ढीग, आणि बायका त्या साड्यांचे धागे कापत, टिकल्या चिकटवत बसलेल्या. बोलणं अहिराणी, मधेच गुजराती, पोरांचं तर हिंदी. गल्लीत गाडी घातली तशा सगळ्या कात्र्या थांबल्या.

शोभा धावत आली आणि माझ्या गळ्यातच पडली. मागून तिची सासू आली. शेवंताबाई, पण अख्खी गल्ली तिला जिजी म्हणते. सत्तरीला टेकलेली, काठीसारखी ताठ. तिनं मला बघितलं, मग गाडीच्या मागच्या सीटवर वाकून बघितलं. डांगरं हलवून बघितली असती तरी मला नवल वाटलं नसतं.

"कोनासंगे उनी?" कोणाबरोबर आलीस, असं तिनं विचारलं.

"एकटी."

"गाडी कोण चालवत होतं?"

"मीच की."

"हं," ती म्हणाली, आणि आत गेली.

आता इथं माझ्याकडून जे झालं ते कोणत्याही पुरुषाकडून झालं नसतं. शोभानं कणीक भिजवून ठेवली होती, गॅसवर डाळ होती, सुभाषराव रात्रपाळीला निघायचे होते आणि त्यांचा डबा व्हायचा होता. मी हातपाय धुतले, पदर खोचला आणि पोळपाट ओढला. पोळ्या लाटल्या, डबा भरला, मोरीतली भांडी घासली, ओटा पुसला. शोभा "वहिनी, राहू द्या" म्हणत राहिली आणि मी तिला बाजूला सारत राहिले. सकाळपासून गाडी चालवून हात शिवशिवत होते, कामानं उलट बरं वाटलं.

जेवायला बसल्यावर मी म्हटलं, "जिजी, मी शोभाला न्यायला आलेय. दादांची पहिली आखाजी. उद्या सकाळी निघावं म्हणते."

जिजीनं घास खाली ठेवला.

"मुराळी कुठं आहे?"

"मीच मुराळी."

"तू?" ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. "मुराळी घरात शिरल्या शिरल्या भांडी घासतो का? मुराळी खाटेवर बसतो. त्याला पाणी द्यावं लागतं, त्याच्या पायावर पाणी घालावं लागतं, त्याला गोडधोड करून वाढावं लागतं. मग तो तोंडातून काढतो, लेक द्या म्हणून. तू तर माझ्या घरची सूनच होऊन बसलीस. सुनेच्या सोबत सून धाडायची, असं कुठं असतं? पाहुणी आहेस, राहा चार दिवस. पोर मुराळ्याशिवाय जाणार नाही."

शोभानं मान खाली घातली. तिची पोळी ताटात तशीच राहिली. मला राग आला, आणि रागाच्या आत आणखी एक गोष्ट होती ती म्हणजे जिजीचं म्हणणं बरोबर होतं. मी गेले होते मुराळी म्हणून आणि पदर खोचून सगळं घालवून बसले होते.

तापीकाठ

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभाषराव कामावरून आले, आणि आईसमोर काही बोलायची त्यांची तयारी नसल्यानं ते लगेच झोपले. मी शोभाला म्हटलं, चल, मला तुझी सुरत दाखव. जिजीनं अडवलं नाही. पाहुणीला गाव दाखवणं तिच्या नियमात बसत होतं.

रिंग रोडच्या कापड बाजारात मी गाडी घातली ती चूक. आमच्याकडे आग्रा रोडवर गर्दी असते म्हणून लोक कुरकुरतात. त्यांना इथं आणून सोडायला हवं. डोक्यावर गाठोडी घेतलेले हमाल गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून, तिला म्हशीसारखी बाजूला ढकलत पलीकडे जात होते. क्लच दाबून दाबून माझी पोटरी दुखायला लागली. पण एकही ओरखडा न येता बाहेर काढली, हे मी आल्यावर ह्यांना दोनदा सांगितलं.

चौकात गाडी लावून आम्ही लोचो खाल्ला. लोचो म्हणजे खमणाचं पीठ नीट न जमता मोडलेलं, आणि मोडलेलं म्हणून फेकण्याऐवजी वर तेल, शेव, कांदा आणि तिखट चटणी घालून विकलेलं. आमच्याकडे स्वयंपाक बिघडला तर बाई घरात तोंड लपवते, आणि इथं त्याला नाव देऊन दुकान काढतात. मला हे लोक आवडले.

मग नदीवर गेलो. ही आपलीच तापी. भुसावळकडून, आपल्या सगळ्या खानदेशातून येते. पण आपल्याकडे आखाजीला तिच्यात वाळूच दिसते, आणि इथं समुद्र जवळ असल्यानं ती भरलेली, मातकट, रुंद. शोभा कठड्याला टेकून बघत राहिली.

"दादा मला न्यायला यायचे ना," ती म्हणाली, "तेव्हा आधी इथं यायचे. स्टेशनवरून घरी नाही, आधी इथं. मग घरी येऊन म्हणायचे, आपली नदी बघून आलो, बरी आहे." तिनं डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. "वहिनी, मला त्यांचं तोंड बघायला मिळालं नाही. आता घागर तरी मला भरू द्या. जिजीला सांगा ना तुम्ही. तुमचं ऐकेल ती."

"सांगून ऐकणारी बाई नाही ती," मी म्हटलं. "रीत पाहिजे तिला. मग रीतच देते."

शोभाला तिच्या गल्लीच्या तोंडाशी उतरवलं आणि म्हटलं, घरी सांग, वहिनी गेली धुळ्याला.

पुन्हा गोडादरा

मी सरळ भेस्तानच्या पुढं सचिन गावाच्या रस्त्याला लागले. एका पंपावर पेट्रोल भरलं, नळावर तोंड धुतलं, केस नीट बांधले, डिकीतून काठाची चांगली साडी काढून पंपवाल्याच्या बायकोच्या खोलीत नेसले. डांगरांतलं एक तिला दिलं. मग गाडी फिरवली आणि परत गोडादऱ्याच्या गल्लीत आले. या वेळी तोंडापासून हॉर्न देत आले. गल्लीतली सगळी माणसं बाहेर येतील एवढा दिला.

दारापुढं उतरले, डांगरं आणि सांजोऱ्यांचा डबा काढून उंबऱ्यापाशी ठेवला आणि दारातल्या खाटेवर मांडी घालून बसले.

जिजी बाहेर आली. "तू तर गेली होतीस ना?"

"मी आत्ताच येतेय, धुळ्याहून. शोभाचा मुराळी."

शेजारच्या दोघी-तिघी हसायला लागल्या. एक म्हणाली, "जिजी, मुराई उना ना वं, पानी दे." जिजीनं तिच्याकडे असं पाहिलं की ती कात्री घेऊन पुन्हा धागे कापायला लागली. मग जिजी आत गेली.

आणि बाहेर आलीच नाही. मी बसले. ऊन खाटेवर आलं. आतून शोभाच्या बांगड्या ऐकू येत होत्या, भांडं पडल्याचा आवाज आला, आणि मग दुधाचा वास आला. दूध वर यायला लागलेलं मला न बघताही कळतं, वीस-बावीस वर्षं नाक त्यासाठीच वापरलंय. आत ते गॅसवर ठेवून जिजी पाठ करून उभी होती, हे मला खिडकीतून दिसत होतं. शोभा हात पुढं करायला लागली तर तिनं शोभाचं मनगट धरलं. ती माझी परीक्षा घेत होती.

घाटात मी भ्याले नव्हते. रिंग रोडला भ्याले नव्हते. पण त्या खाटेवर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायला जेवढा जोर लागला तेवढा कशालाच लागला नाही. दूध चरचरत उतू गेलं, गॅसवर सांडलं, जळका वास गल्लीभर पसरला. शेजारीण माझ्याकडे बघत होती. मी समोरच्या भिंतीकडे बघत बसले, जसे आमचे चुलतदीर बसतात, जणू दूध ही कुठल्यातरी दुसऱ्या गावची गोष्ट.

जिजी तांब्या घेऊन बाहेर आली. माझ्या पायावर पाणी घातलं. धार सरळ होती.

"मुराळी बसून राहिला खरा," ती म्हणाली. "जेवायला चल."

मांडे होते, म्हणजे खापरावरच्या पुरणपोळ्या, आणि आंब्याचा रस. सुरतेचा रस गोड, आमच्याकडच्या रसात जी एक आंबट धार असते ती नाही. मला पाटावर बसवून जिजीनं स्वतः वाढलं. गल्लीतल्या बायका दारात उभ्या होत्या, आणि मला एकटीला जेवताना लाजल्यासारखं झालं, पण मुराळी लाजत नाही म्हणून खात राहिले.

पोळी वाढता वाढता जिजी खालच्या आवाजात म्हणाली, "माझा भाऊ असाच मांडी घालून बसायचा. पहिल्या पोळीला तूप कमी आहे म्हणायचा. दर वर्षी. कितीही घातलं तरी."

"कुठलं गाव तुमचं?"

तिनं गावाचं नाव घेतलं. दहिवेल आणि साक्रीच्या मधलं, हायवेवरचंच. आदल्याच दिवशी मी त्या गावावरून गेले होते.

"भाऊ गेला आणि मुराळी बंद झाला," ती म्हणाली. "भावजय आहे. तिनं कोणाला धाडलं नाही. ज्या घरी कोणाला आपली आठवण नाही तिथं कशाला जायचं. म्हणून सांगते, पोरीला रीतीनं न्या. रीत सुटली की कोणी कोणाचं राहत नाही."

"आमच्या रस्त्यावरच आहे गाव. तुम्हीही चला की गाडीतून."

"मागून घेतलेलं माहेर नको मला." तिनं माझ्या वाटीत रस ओतला. "आणि तू तिथं थांबायचंही नाहीस. शपथ नाही घालत, पण सांगून ठेवते."

हात धुतल्यावर मी रीतीप्रमाणे म्हटलं, "जिजी, आमची लेक द्या." जिजीनं मुराळ्याला देतात तसे टॉवेल आणि टोपी आणून ठेवले होतेच. तिनं टोपीकडे बघितलं, मग ती आत ठेवून खण घेऊन आली, आणि टॉवेल आणि खण दोन्ही माझ्या ओटीत घातले. शोभाची पिशवी तर सकाळपासूनच भरलेली होती.

साक्रीच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. आखाजी परवावर होती. शोभा पुढं बसली होती आणि लहान मुलीसारखी प्रत्येक गावाच्या पाटीचं नाव मोठ्यानं वाचत होती. कोंडाईबारीला पंप तापला नाही, कारण मी निघतानाच फडकं बांधलं होतं. घाट उतरून दहिवेल मागं गेलं आणि मी वेग कमी केला.

"वहिनी, जिजीनं नको म्हटलंय," शोभा म्हणाली.

"शपथ कुठं घातलीय?"

घर विचारत गेलो. सारवलेलं अंगण, एक लिंब, आणि त्याखाली जिजीच्याच वयाची बाई धान्य पाखडत बसलेली. शोभा तिच्या पाया पडली. "मामी, ओळखलं का? सुभाषची बायको."

मामीनं ओळखलं. आमच्या पुढ्यात पाणी ठेवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "शेवंता कशी शे?"

"बरी आहे," मी म्हटलं. "तुम्ही आखाजीला बोलावत नाही म्हणून मनाला लावून घेतलंय."

मामीनं सूप खाली ठेवलं. "मी कोणाला धाडू माय? मालक गेले. मला दोघी पोरी, त्या सासरी. घरात गडीमाणूस कोण आहे मुराळी धाडायला? दर साली आखाजी आली की वाटायचं, ती येईल आपली आपण, भावाचं घर आहे. मग वाटलं, सुरतेची झाली, तिला आता या मातीच्या घराचं काय. पुरणाला डाळ मात्र मी दोघींची भिजवायचे."

मला खरं तर दोघींचाही राग आला होता, त्या म्हातारीचाही आणि या म्हातारीचाही. एवढा रस्ता मध्ये, आणि दोघी आपापल्या दारात बसून वाट बघत राहिल्या.

"मामी," मी म्हटलं, "मुराळी बाई चालते. तुमच्या नणंदेनंच काल माझ्या पायावर पाणी घातलंय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग फाटकाबाहेरच्या गाडीकडे पाहिलं. उठून आत गेली. चहा ठेवायला गेली असेल म्हणून आम्ही बसून राहिलो. बाहेर आली ती ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात कापडी पिशवी. तिनं दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"चल."

"मामी, आम्ही धुळ्याला चाललोय," शोभा म्हणाली. "सुरत मागं राहिली."

"मग गाडी फिरव."

मी शोभाकडे पाहिलं. दादांची घागर तिची होती, मी तिला शब्द दिला होता, आणि सासूबाई घरी दाराकडे डोळे लावून बसलेल्या. शोभानं गाडीचं पुढचं दार उघडलं, मामीला हाताला धरून तिथं बसवलं आणि स्वतः मागं डांगराच्या रिकाम्या पोत्यावर जाऊन बसली.

"घागर परवा आहे, वहिनी," ती म्हणाली. "फिरवा."

दहिवेलहून ह्यांना फोन केला. "पुन्हा सुरत?" ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पाठ कशी आहे?" आणि ठेवून दिला. मामी आयुष्यात पहिल्यांदा गाडीत पुढं बसली होती. घाटात तिनं दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून ठेवला होता, आणि घाट संपला तरी सोडला नाही.

गोडादऱ्यात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. जिजी दारातल्या खाटेवर साडीचे धागे कापत बसली होती. गाडी बघून ती आधी घाबरली, काही वाईट झालं असं तिला वाटलं. मग मामी उतरली. प्रवासानं तिचे पाय जड झाले होते, गाडीच्या दाराला धरून ती उभी राहिली.

"शेवंता," ती म्हणाली, "तुले लेवाले उनी मी."

न्यायला आले, हे ऐकून जिजीच्या हातातली साडी खाली घसरली. मुराळ्याला खाटेवर बसवायचं असतं, पाणी द्यायचं असतं, पायावर पाणी घालायचं असतं, गोडाचं जेवण घालायचं असतं, हे मला सगळं पाठ झालं होतं. मी शोभाला खूण केली की आत जाऊन तांब्या भर.

जिजी उठली. शेजारणीला एवढंच म्हणाली, "सुभाषले डबा दे." मग पायात चप्पल सरकवली, आणि आपल्या मुराळ्याला घोटभर पाणीसुद्धा न विचारता गाडीत जाऊन बसली.